वकील व्हावं का? मुंबईतल्या विद्यार्थ्याने फॉर्म भरण्याआधी तपासायच्या गोष्टी

बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला की घरात प्रश्न निघतो, "लॉला स्कोप आहे का?" याचं एका शब्दात उत्तर मिळत नाही, कारण एलएलबी झालेल्या माणसांची कामं एकमेकांपासून फार वेगळी असतात. एक जण किल्ला कोर्टात रोज जामीन अर्ज चालवतो. दुसरी लोअर परळच्या ऑफिसात रात्री उशिरापर्यंत कंपन्यांचे करार तपासते. तिसरा बँकेच्या विधी विभागात कर्जाच्या तारणाचे कागद बघतो. म्हणून आधी दोन प्रश्न सोडवा. यातलं कोणतं काम तुम्हाला रोज करवेल? आणि पहिली तीन-चार वर्षं घर तुम्हाला कितपत सांभाळू शकेल? दोन्हींची उत्तरं सीईटीचा क्लास लावण्याआधी जवळपास फुकटात मिळतात. क्लासची फी एकदा भरली की प्रामाणिक उत्तर देणं अवघड होतं.

आधी चार-पाच दिवस कोर्टात बसा

आपल्याकडे न्यायालयं खुली असतात. कोणीही नागरिक मागच्या बाकावर बसून कामकाज ऐकू शकतो. कौटुंबिक वाद, लैंगिक अत्याचाराचे खटले अशी प्रकरणं बंद दाराआड चालतात, ती सोडा. ओळखपत्र जवळ ठेवा, मोबाइल बंद करा, साधे कपडे घाला. पांढरा शर्ट आणि काळी पँट मात्र नको, नाहीतर कोणी तुम्हाला कुणाचा तरी ज्युनिअर समजून फाइल हातात देईल.

मुंबईत एकाच प्रकारचं कोर्ट पाहून मत बनवू नका. पहिला दिवस दंडाधिकारी न्यायालयात घालवा. सीएसएमटीजवळचं किल्ला कोर्ट, किंवा घराजवळचं कुर्ला, अंधेरी, बोरिवली, मुलुंड, कुठलंही चालेल. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावंच लागतं, त्यामुळे तिथे रिमांडचं, म्हणजे आरोपीला कोणत्या कोठडीत ठेवायचं हे ठरवण्याचं, काम रोज असतं. पोलीस पीसीआर मागतात, म्हणजे पोलीस कोठडी. वकील एमसीआरसाठी झगडतो, म्हणजे न्यायालयीन कोठडी. बाहेर आरोपीची आई पिशवी घेऊन उभी असते आणि वकिलाला पुन्हा पुन्हा विचारते, "आज सुटेल ना?" त्या प्रश्नाला खरं आणि तरीही माणुसकीचं उत्तर देणं हा फौजदारी वकिलाच्या कामाचा मोठा भाग आहे. तो पुस्तकात शिकवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात जा. पागडीची जागा, भाडेकरू आणि मालक, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. काही दावे इतके जुने असतात की मूळ पक्षकार हयात नसतात आणि वारस लढत असतात. तिसऱ्या दिवशी ओव्हल मैदानासमोरचं शहर दिवाणी व सत्र न्यायालय, आणि मग शेजारचं उच्च न्यायालय. १८६२ साली स्थापन झालेल्या या न्यायालयाच्या मूळ शाखेत (थेट इथेच दाखल होणारे दावे) आणि अपील शाखेत (खालच्या न्यायालयांच्या निकालांवरची अपिलं) कामाची पद्धत वेगळी आहे. दोन्हीकडे तासभर बसा. उच्च न्यायालयाचा दिवस साधारण साडेदहाला सुरू होतो, खालची न्यायालयं अकराला बसतात. त्या दिवशीचा बोर्ड, म्हणजे प्रकरणांची यादी, न्यायालयाच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी पाहून ठेवा.

काय पाहायचं? युक्तिवादाकडे सगळेच बघतात. तुम्ही वाट बघणाऱ्या वकिलांकडे बघा. एक मॅटर बोर्डावर पुकारला जाईपर्यंत किती वेळ जातो, पुकारल्यावर किती मिनिटांत पुढची तारीख पडते, तारीख पडल्यावर अशिलाला काय सांगितलं जातं, हे वहीत लिहा. दिवसाच्या शेवटी वहीत "स्टँड ओव्हर", म्हणजे पुढची तारीख, हा शेरा खूपदा दिसेल. हे पाहून कंटाळा आला तर तो खरा आहे, त्याला दाबू नका. आणि हे सगळं पाहूनही एखाद्या उलटतपासणीत जीव अडकला, साक्षीदार पुढे काय म्हणेल याची उत्सुकता वाटली, तर तेही वहीत लिहा. पाचव्या दिवशी आपण स्वतःहून गेलो की जावं लागतं म्हणून गेलो, यावरून बरंच कळतं.

मग वाचनाची परीक्षा घ्या

वकिली म्हणजे बोलणं, हा गैरसमज फार जणांना या क्षेत्रात घेऊन येतो आणि निराश करतो. दिवसातला बोलण्याचा वेळ मिनिटांत मोजावा लागतो, बाकी वेळ वाचन आणि लेखन. वक्तृत्व स्पर्धेतली बक्षिसं इथे थोडी मदत करतात. शंभर पानांच्या फाइलमधली एक विसंगत तारीख ज्याच्या नजरेत भरते, त्याला जास्त मदत होते.

घरी करून पाहा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ उघडा. एफआयआर कशी नोंदवायची याचं हे कलम सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी ही संहिता लागू झाली, म्हणून दादा-ताईची जुनी पुस्तकं वापरू नका. कलम दोनदा वाचा, मिटवा आणि घरातल्या कुणाला तरी मराठीत समजावून सांगा. मग पुन्हा उघडून तपासा.

बहुतेकांच्या हातून दोन गोष्टी निसटतात. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून माहिती दिली तर ती देणाऱ्याने तीन दिवसांत सही करावी लागते, ही अट सांगायची राहून जाते. दुसरी गोष्ट अधिक बारीक आहे. तीन वर्षं किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात. आता गुन्हे आणि त्यांच्या शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) बघा. फसवणूक करून मालमत्ता द्यायला लावणं, शिक्षा सात वर्षांपर्यंत. या गुन्ह्याला ती चौदा दिवसांची चौकशी लागू होते का? "सात वर्षांपेक्षा कमी" असं लिहिलंय आणि इथे शिक्षा सातपर्यंत जाते, म्हणून होत नाही. हे स्वतःहून लक्षात आलं असेल किंवा दाखवल्यावर "अरे, खरंच की" म्हणून आनंद झाला असेल, तर तुमचं डोकं या कामाला जुळतं. एवढ्या एका शब्दासाठी इतका खटाटोप कशाला, असं मनापासून वाटलं असेल तर पाच वर्षं त्रासाची जातील. त्यात हुशारीचा प्रश्न नाही, स्वभावाचा आहे.

दुसरी चाचणी इंग्रजीची. सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ सालचा विशाखा विरुद्ध राजस्थान सरकार हा निकाल तुलनेने छोटा आहे. तो वाचा आणि एका पानात लिहा: काय घडलं, न्यायालयासमोर प्रश्न कोणता होता, काय ठरलं, कशाच्या आधारावर. पहिल्यांदा चार तास लागले तरी घाबरू नका. मराठी माध्यमाच्या मुलांना सुरुवातीला शब्दकोश घेऊन बसावंच लागतं आणि वर्षभरात वेग येतो. महिनाभर आठवड्याला एक निकाल असा वाचून पाहा. चौथा निकाल पहिल्यापेक्षा लवकर संपला तर इंग्रजीची भीती सोडून द्या.

मराठी चांगली असणं हे मुंबईत मोठं भांडवल आहे, आणि मराठी मुलंच त्याची किंमत कमी लावतात. एफआयआर, पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, सातबारा, फेरफार, जुनी खरेदीखतं, सगळं मराठीत. उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं, पण त्याखालचा पुरावा मराठीत असतो. पंचनाम्यातली पोलिसी मराठी वाचून त्यातली गफलत इंग्रजी अर्जात मांडू शकणारा ज्युनिअर कुठल्याही चेंबरला हवा असतो.

काम कोणतं हवं आहे ते ठरवा

मुंबईत पर्याय इतर शहरांपेक्षा जास्त आहेत. फौजदारी आणि दिवाणी वकिली सगळीकडे आहे. इथे त्याशिवाय कंपनी कायदा न्यायाधिकरण, रोखे अपील न्यायाधिकरण, कर्जवसुली न्यायाधिकरण, महारेरा, औद्योगिक आणि सहकार न्यायालयं आहेत. बँका, विमा कंपन्या, चित्रपट आणि जाहिरात व्यवसायाचे विधी विभाग आहेत. सॉलिसिटर, म्हणजे मुख्यतः करार आणि कागदपत्रांचं काम बघणारा वकील, हा तर मुंबईचा खास पेशा. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यावी लागते, त्याआधी सॉलिसिटरकडे तीन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करावी लागते, आणि परीक्षा कठीण असते.

नव्या मुलांच्या यादीत सहसा नसलेलं एक क्षेत्र मुद्दाम सांगतो: गृहनिर्माण सोसायट्यांचं काम. मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरने जमीन-इमारत सोसायटीच्या नावे केली नाही तर ती सरकारी अधिकाऱ्याकडून करून घेणं), पुनर्विकासाचे करार, सभासद आणि कमिटीचे वाद, वारस नोंदी. दादर-परळपासून मुलुंड-बोरिवलीपर्यंत जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. या कामात रोज कोर्टात उभं राहावं लागत नाही, मराठी बोलणारे पदाधिकारी मराठी बोलणारा वकील शोधतात, आणि घराण्यात कुणी वकील नसलेल्या मुलालाही स्वतःच्या वस्तीत ओळख करता येते.

न्यायाधीश व्हायचं असेल तर एक बदल नीट समजून घ्या. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा आणली. पदवी मिळाली की लगेच न्यायाधीश, हा हिशेब घरच्यांच्या डोक्यात असेल तर तो आत्ताच दुरुस्त करा.

पैशाचं गणित कागदावर मांडा

इथे सगळ्यात जास्त फसगत होते, कारण लोक मोठ्या वकिलांची एका सुनावणीची फी ऐकून असतात.

शिक्षणाचा खर्च कॉलेजवर अवलंबून आहे. चर्चगेटचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ साली सुरू झालेलं, जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य होते. तिथली वर्षाची फी काही हजारांत बसते. खासगी कॉलेजांत ती अनेक पटींनी वाढते आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांत वसतिगृहासह वर्षाला लाखांत जाते. प्रवेश कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, घेतला तर महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्ती आणि फी सवलतीच्या योजना पाहता येतात. मुलींसाठी उत्पन्नाच्या अटीवर शुल्कमाफीची योजनाही आहे. कॉलेज त्या योजनेत बसतं का हे प्रवेश घेण्याआधी ऑफिसात विचारा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला आणि मग सवलत मिळत नाही असं कळलं, हा प्रकार दरवर्षी होतो.

खरा खर्च पदवीनंतर सुरू होतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलाला शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलं. ही शिफारस आहे, सक्ती नाही. अनेक चेंबरमध्ये त्याहून कमी मिळतं, काही ठिकाणी सुरुवातीला फक्त प्रवासखर्च. आता तुमचा कागद घ्या. लोकलचा पास, जेवण, फोन, काळा कोट आणि बँड, कायद्याच्या मूळ कलमांची पुस्तकं म्हणजे बेअर अ‍ॅक्ट्स, कधीमधी टॅक्सीने फायली नेणं. घरी राहत असाल तर हे निभावतं. भाड्याची खोली असेल तर पहिली दोन-तीन वर्षं कुणीतरी पैसे पाठवावे लागतात. ती व्यक्ती कोण, किती वर्षं आणि महिन्याला किती, हे तिघांनी बसून आधी बोलून घ्या: तुम्ही, आई, बाबा. घरात गृहकर्जाचा हप्ता चालू असेल किंवा बाबांची निवृत्ती जवळ असेल तर हे बोलणं टाळू नका.

घरातून आधार मिळणार नसेल तर वकिली बंद झाली असं नाही. लॉ फर्म किंवा कंपनीच्या विधी विभागात आधी नोकरी करून मग कोर्टाकडे वळणारे बरेच आहेत. फक्त नियम लक्षात ठेवा: पूर्ण वेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित ठेवावी लागते. मोठ्या फर्ममध्ये सुरुवातीलाच चांगला पगार मिळतो, पण त्या जागा कमी आहेत. निवड बहुतेक ठरावीक विद्यापीठांतून आणि आधी तिथे केलेल्या इंटर्नशिपमधून होते. शैक्षणिक कर्ज काढून महागड्या कॉलेजात जाताना "फर्मची नोकरी लागेलच" असं धरून हप्त्याचं गणित मांडू नका.

पाच वर्षं की तीन

बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम केला तर साधारण तेविसाव्या वर्षी पदवी मिळते. आधी तीन वर्षांची पदवी आणि मग तीन वर्षांची एलएलबी केली तर चोविसाव्या. फरक एकाच वर्षाचा. वरच्या दोन चाचण्या करूनही मन पक्कं होत नसेल तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: आधी बीकॉम, बीए, जे जमतं ते करा. वाणिज्यची पदवी पुढे कर आणि कंपनी कायद्यात उपयोगी पडते आणि तीन वर्षांत विचार बदलला तर हातात काहीतरी असतं. मन पक्कं असेल तर पाच वर्षांचा चांगला, कारण इंटर्नशिपला उन्हाळे जास्त मिळतात.

पात्रतेला खुल्या गटासाठी ४५ टक्के, ओबीसींसाठी ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के लागतात. राज्यातल्या कॉलेजांसाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा असते. दोन्ही अभ्यासक्रमांच्या परीक्षा वेगळ्या, प्रश्न बहुपर्यायी, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट: १२० प्रश्न, दोन तास, चुकीला पाव गुण वजा, आणि फक्त इंग्रजीत. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन विद्यापीठं आहेत. अधिवासाचं प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवा. राज्याच्या राखीव जागेचा दावा कागद वेळेवर नसल्याने जातो.

कॉलेज निवडताना बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता चालू आहे का ते पाहा, फलकावर छापलेली ओळ पुरेशी नाही. मान्यता नसेल तर सनद मिळायला अडचण येते. पत्राने किंवा दूरस्थ एलएलबी करून वकिली करता येत नाही. ७० टक्के हजेरीचा नियम आहे, त्यामुळे पूर्ण वेळ नोकरी सांभाळून "फक्त परीक्षा देऊ" असं सांगणाऱ्या एजंटपासून लांब राहा. शेवटची गोष्ट प्रवासाची. बदलापूरहून चर्चगेटला रोज जाऊन-येऊन उरलेल्या वेळात कोर्ट आणि ग्रंथालय बसतं का, हे पाहा. ठाणे, दादर, माटुंगा, विलेपार्ले इथेही कॉलेजं आहेत. फोर्ट परिसरातल्या कॉलेजचा फायदा एवढाच, पण तो मोठा आहे: वर्ग सुटला की चालत कोर्टात जाता येतं.

कॉलेजमध्ये असताना पुन्हा तपासा

पहिल्या उन्हाळ्यात मोठ्या नावाच्या मागे लागू नका. रोज कोर्टात जाणाऱ्या, मध्यम काम असलेल्या वकिलाकडे एक महिना काढा. तिथे खरं काम हाताला लागतं: वकालतनामा (अशिलाने वकिलाला दिलेला अधिकार) भरणं, रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं याची न्यायालयाची नोंद) वाचणं, सर्टिफाइड कॉपीचा अर्ज, फायलिंग. रजिस्ट्रीने, म्हणजे न्यायालयाच्या कार्यालयाने, काढलेली ऑब्जेक्शन्स दूर करणं तर खास शिकण्यासारखं. पानांना क्रमांक नाहीत, अनुक्रमणिका जुळत नाही, कोर्ट फी कमी, जोडलेला कागद वाचता येत नाही, मराठी दस्ताचं भाषांतर नाही. अशा क्षुल्लक वाटणाऱ्या कारणांनी अर्ज अडतो आणि तोवर अशिलाच्या घरावर कारवाई होऊ शकते. निवाडे शोधताना संगणकाने दिलेला संदर्भ मूळ निकाल उघडून वाचल्याशिवाय वापरू नका. अस्तित्वात नसलेले निवाडे न्यायालयापुढे ठेवणाऱ्यांना दंड झाला आहे.

दुसरी इंटर्नशिप वेगळ्या प्रकारची करा, फर्म किंवा कंपनी. दोन्ही ठिकाणी दिवस जड गेला असेल तर तिसऱ्या वर्षाआधी थांबून विचार करा. पदवी पूर्ण करून बँकेचा विधी अधिकारी, अनुपालन, प्रकाशन, स्पर्धा परीक्षा अशा वाटा आहेत. बँकेच्या विधी अधिकारी पदासाठी वकील म्हणून नोंदणी लागते, म्हणून नोंदणी मात्र करून ठेवा.

सनद आणि पहिला सीनिअर

पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी होते. नोंदणी शुल्क खुल्या गटासाठी ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ठरवलं. मग अखिल भारतीय बार परीक्षा: १०० प्रश्न, खुल्या आणि ओबीसी गटाला ४५ टक्के. बेअर अ‍ॅक्ट जवळ ठेवता येतो, पण टिपा लिहिलेली प्रत चालत नाही, म्हणून परीक्षेसाठी एक कोरी प्रत वेगळी ठेवा.

सीनिअर निवडताना नाव आणि चेंबरचा पत्ता यांपेक्षा चार प्रश्न महत्त्वाचे. ज्युनिअरला स्वतः उभं राहून तारीख मागायला, छोटा अर्ज चालवायला मिळतं का? लिहिलेला मसुदा सीनिअर दुरुस्त करून परत देतात, की नुसता बाजूला ठेवतात? महिन्याला किती आणि कोणत्या तारखेला देतात? आणि आधीचे ज्युनिअर आज कुठे आहेत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सीनिअरकडून घेऊ नका. त्या ज्युनिअरपैकी दोघांना कोर्टाच्या कँटीनमध्ये गाठा, चहा घ्या आणि त्यांनाच विचारा.